आठवण विचारायची ती कोणत्या भाषेत?

स्मृतीच्या विज्ञानातली बातमी हल्ली बहुतेक वेळा एखाद्या नव्या साधनाची असते. प्रकाशाने चालू-बंद करता येणाऱ्या चेतापेशी, मेंदूत साचलेलं अमिलॉइड दाखवणारा स्कॅन, रक्ताच्या नमुन्यावरून अल्झायमरचा अंदाज देणारी तपासणी. मी याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे या साधनांचं कौतुक मला तुमच्यापेक्षा कांकणभर जास्तच असेल. तरीही आज मी बाजू घेणार आहे ती सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत स्वस्त साधनाची: समोर बसून माणसाला विचारलेल्या प्रश्नाची.

माझं म्हणणं थोडक्यात असं. नवी साधनं मेंदूतल्या पेशी आणि प्रथिनं मोजतात. पण माणसाला आठवतंय की नाही, हे आजही विचारूनच कळतं. आणि तो प्रश्न मराठी माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या शिक्षणाचा हिशेब ठेवून विचारायची सोय आपण अजून नीट केलेली नाही. परदेशात राहणाऱ्या आणि आईवडिलांना अधूनमधून आपल्याकडे आणणाऱ्या आपल्यासारख्यांना याची झळ आधी लागते.

उंदराची आठवण आणि निळा प्रकाश

आधी नव्या साधनांना त्यांचं श्रेय देऊ. २००५ मध्ये एड बॉयडन, कार्ल डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी एका हिरव्या शैवालातलं प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन चेतापेशींत बसवलं आणि निळा प्रकाश टाकून त्या पेशी हव्या त्या क्षणी उद्दीपित करून दाखवल्या. हे ऑप्टोजेनेटिक्स. २०१२ मध्ये एमआयटीतल्या सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने हेच तंत्र आठवणीवर वापरलं. उंदराला एका पेटीत पायाला सौम्य विजेचा झटका दिला. त्या वेळी हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी जाग्या झाल्या, तेवढ्यांवरच खूण केली. मग उंदराला अगदी वेगळ्या, निर्धोक पेटीत ठेवून त्या खुणेच्या पेशींवर प्रकाश टाकला, तर उंदीर भीतीने जागच्या जागी थिजला. पेटी नवी होती, भीती जुनी होती. म्हणजे आठवण मेंदूत ठरावीक पेशींच्या समूहात राहते आणि त्या पेशी जाग्या केल्या की आठवण जागी होते, याचा हा थेट पुरावा होता.

माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रयोग २०१६ चा. धीरज रॉय आणि त्याच प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेसारखी लक्षणं असलेले उंदीर घेतले. त्यांना झटक्याची पेटी दुसऱ्या दिवशी ओळखू येत नव्हती. पण खुणेच्या पेशींवर प्रकाश टाकताच ते थिजले. आठवण पुसली गेलेली नव्हती. तिच्यापर्यंत पोचण्याची वाट बंद झाली होती. निदान त्या उंदरांत आणि त्या अवस्थेत तरी ‘विसरलं’ याचा अर्थ ‘सापडत नाही’ असा होता.

एक गोष्ट मात्र नजरेतून सुटू देऊ नका. इतकं अद्ययावत तंत्र वापरूनही उंदराला आठवलं की नाही हे शास्त्रज्ञांनी कशावरून ठरवलं? तो थिजतो का, हे पाहून. पेशी प्रकाशाने जागवल्या, पण आठवण मोजली ती वागण्यातून.

किल्ली बदलली की कुलूप उघडत नाही

माणसाच्या बाबतीत थिजण्याऐवजी बोलणं येतं. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या अमेरिकन तरुणाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग अपस्मारावरचा उपाय म्हणून काढून टाकला गेला. त्याला नवे प्रसंग आठवेनासे झाले. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दरवेळी तो म्हणे की आपण हे पहिल्यांदाच करतोय, आणि दिवसागणिक त्याचा हात मात्र सुधारत गेला. स्मृती एकाच प्रकारची नसते हा मेंदूविज्ञानातला फार मोठा शोध, आणि साधनं होती कागद, पेन्सिल, आरसा आणि एक चांगला प्रश्न.

प्रश्न कोणत्या भाषेत विचारला यानेही उत्तर बदलतं. व्हिओरिका मारियन आणि उल्रिक नायसर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. रशियातून अमेरिकेत आलेल्या द्वैभाषिक विद्यार्थ्यांना त्यांनी काही शब्द सुचवून आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले. मुलाखत रशियनमध्ये असली की रशियन बोलण्याच्या काळातले प्रसंग जास्त आठवत, इंग्रजीत असली की इंग्रजीच्या काळातले. ही निरोगी, तरुण, हुशार मुलं होती. भाषा ही आठवणीची एक किल्ली आहे, एवढाच याचा अर्थ.

आता वरचा २०१६ चा प्रयोग आणि हा अभ्यास शेजारी ठेवा. आठवण आत असू शकते आणि तरी चुकीच्या किल्लीने बाहेर येत नाही. मग सत्तरीतल्या, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या बाईंची स्मृती इंग्रजीत किंवा मुलाच्या तोंडून झालेल्या भाषांतरात तपासली, तर आपण नक्की काय मोजलं?

शंभरातून सात

जगभर सर्वाधिक वापरल्या गेलेल्या चाचण्यांपैकी एक म्हणजे मार्शल फोलस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये आणलेली मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन. ३० गुण, दहाएक मिनिटं. २४ पेक्षा कमी गुण मिळाले की पुढे तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत रूढ झाला. समजा, तुमची आई तुमच्याकडे सिंगापूरला आली आहे आणि चाचणीच्या मूळ रूपाचा शब्दशः मराठी अनुवाद करून कोणी तिला विचारतंय.

‘सध्या कोणता ऋतू आहे?’ विषुववृत्ताला चिकटलेल्या या बेटावर बाराही महिने उकाडा आणि पाऊस. शिवाय आपल्याकडे ऋतू चार नव्हे, सहा. ‘आपण कोणत्या राज्यात, कोणत्या जिल्ह्यात आहोत?’ इथे राज्य नाही नि जिल्हाही नाही. ‘आपण कितव्या मजल्यावर आहोत?’ आई म्हणेल, तळमजल्यावर. इथल्या लिफ्टमध्ये त्याच मजल्याला एक नंबर असतो.

मूळ चाचणीत इंग्रजी ‘वर्ल्ड’ या शब्दाची पाच अक्षरं उलट्या क्रमाने सांगायची असतात, पाच गुणांसाठी. मराठीत ‘जग’ उलटं केलं की ‘गज’, काम संपलं. मोठा शब्द घ्यावा तर ‘निसर्ग’ उलटा कसा म्हणायचा? रफार कुठे न्यायचा? रोमन लिपीसाठी सुचलेला प्रश्न जोडाक्षरांच्या लिपीत तसाच चालत नाही. दुसऱ्या काही चाचण्यांत एका अक्षरापासून सुरू होणारे शब्द मिनिटभर सांगायचे असतात. ‘क’ म्हटलं तर ‘किल्ली’ आणि ‘कुलूप’ धरायचे का? बाराखडी घोकलेला माणूस इथे थबकतो, आणि घड्याळ तर चालू असतं.

राहता राहिला शंभरातून सात-सात वजा करत जाण्याचा प्रश्न. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. म्हणून बघा. इंग्रजीत दशक आधी येतं, मराठीत एकक आधी येतो, आणि एकोणऐंशी तर ऐंशीला एक कमी असं सांगतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढं रण माजलं ते तुम्हाला आठवत असेल. मराठी संख्यानामं डोक्यावर वेगळा भार टाकतात की नाही यावर तेव्हा सगळे हिरिरीने बोलले. स्मृतीच्या चाचणीत तोच मुद्दा येतो, पण तिथे कुणी आवाज करत नाही.

यावर कोणी म्हणेल, चांगलं मराठी भाषांतर करा, प्रश्न मिटला. मिटत नाही. भाषांतर ही पहिली पायरी. त्यानंतर ती चाचणी शेकडो निरोगी मराठी माणसांवर वापरून बघावी लागते. साठीतल्या पदवीधराला सर्वसाधारणपणे किती गुण पडतात आणि ऐंशीतल्या निरक्षर बाईंना किती, हे कळल्याशिवाय हातातल्या आकड्याला अर्थ नाही. याला प्रमाणीकरण म्हणतात. त्याचं महत्त्व दाखवणारा एक जुना अमेरिकन अभ्यास आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १८,०५६ प्रौढांना हीच चाचणी दिली होती. नऊ किंवा अधिक वर्षं शाळेत गेलेल्यांचा मध्यांक २९, पाच ते आठ वर्षंवाल्यांचा २६ आणि चार वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्यांचा २२. म्हणजे २४ ची रेघ सगळ्यांना सारखी लावली, तर कमी शिकलेल्यांतले निम्म्याहून अधिक लोक रेघेखाली जातात. त्यांच्या शाळेचा इतिहास आपण त्यांच्या मेंदूच्या खात्यावर मांडतो.

ज्यांनी साधन बदललं

हे दुखणं ओळखून कामाला लागलेली माणसं आपल्याकडे होती आणि आहेत. हरियाणातल्या बल्लभगढ भागात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदी चाचणीत निरक्षर माणसांचा विचार होता. लिहिलेली सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी परीक्षक करतो तसं करून दाखवायचं. घड्याळाची वेळ विचारण्याऐवजी सकाळ आहे, दुपार आहे की संध्याकाळ, हे विचारायचं. पुढे लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाने १८ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या चार हजारांहून अधिक ज्येष्ठांची तपासणी केली. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया असावा, हा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज त्यातूनच आला.

त्याआधी ‘टेन-सिक्स्टी-सिक्स’ नावाचा आंतरराष्ट्रीय संशोधक गट उभा राहिला होता. नावातच तक्रार आहे: डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि त्यांच्यावर होणारं संशोधन १० टक्क्यांहूनही कमी. शिक्षणाचा अडसर कमीत कमी येईल अशी निदानपद्धत या गटाने बांधली. गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी याच परंपरेत ८१ कुटुंबांबरोबर घरी जाऊन आधार देण्याचा प्रयोग केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंगापूरच्या मानसिक आरोग्य संस्थेनेही ज्येष्ठांची पाहणी करताना टेन-सिक्स्टी-सिक्सची पद्धत वापरली. इथे साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण २०१३ मध्ये १० टक्के होतं, २०२३ मध्ये ८.८ टक्के.

मी बिशानला राहते. इथून एमआरटीने तिसरं स्टेशन नोव्हेना. तिथल्या नॅशनल न्यूरोसायन्स इन्स्टिट्यूटमध्ये काम करत असताना नागेंद्रन कंडियाह आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. चार अधिकृत भाषा आणि त्यापलीकडे अनेक बोली असलेल्या या देशात प्रत्येक भाषेसाठी चाचणी बेतत बसण्यापेक्षा त्यांनी चित्रांवर आधारलेली, ३० गुणांची व्हिज्युअल कॉग्निटिव्ह असेसमेंट टेस्ट तयार केली. सूचना कोणत्याही भाषेत द्या, प्रश्नांचा गाभा चित्रांत आहे. सिंगापूर आणि शेजारच्या देशांत ती तपासूनही पाहिली गेली. मला ही चाचणी कोणत्याही लेझरइतकीच महत्त्वाची वाटते. अर्थात चित्रंही पूर्णपणे निष्पक्ष नसतात. चित्र ‘वाचणं’ ही शाळेत लागणारी सवय आहे, आणि मोतीबिंदू असलेल्या माणसाला चित्रांची चाचणी अवघडच जाणार. तरी दिशा बरोबर आहे.

साधन नव्या माणसांपर्यंत नेलं की विज्ञानालाही काही मिळतं. दोन भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शियाची लक्षणं उशिरा दिसतात, असं कॅनडातल्या संशोधनातून पुढे आलं होतं. पण तिथले बरेचसे द्वैभाषिक स्थलांतरित होते, त्यामुळे परिणाम भाषेचा की स्थलांतराचा, हे वेगळं काढणं कठीण होतं. हैदराबादेत सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांची माहिती तपासली. तिथे दोन भाषा घरोघरी असतात, त्यासाठी देश सोडावा लागत नाही. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की द्वैभाषिकांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, आणि निरक्षरांतही फरक टिकून होता. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, पण इतक्या स्वच्छपणे हा प्रश्न टोरांटोत विचारता आलाच नसता.

‘रक्ताची तपासणी आली की हे सगळं संपेल’

हा आक्षेप मी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांकडूनही ऐकते. त्यात तथ्य आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरशी निगडित बदल ओळखायला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. रक्ताला भाषा नसते, शाळाही नसते. पण परवानगी कुणासाठी आहे ते बघा: ५५ च्या पुढच्या, लक्षणं दिसत असलेल्या रुग्णांसाठी. लक्षणं आहेत की नाहीत, हे कसं ठरणार? पुन्हा प्रश्न विचारूनच. शिवाय मेंदूत अमिलॉइड साचूनही ज्यांची स्मृती शाबूत आहे असे ज्येष्ठ काही थोडेथोडके नाहीत. आणि मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात रक्तातल्या टाऊ प्रथिनाची पातळी वाढलेली दिसते. ज्या समाजात मधुमेह घराघरात आहे, तिथे या चाचणीचे आकडेही त्या समाजात तपासून घ्यावे लागतील.

लेकानेमॅब या औषधाचं उदाहरण घ्या. ते अमिलॉइड हटवतं, हे स्कॅनने दाखवलं. पण रुग्णाला फायदा झाला का, हे १,७९५ जणांच्या चाचणीत कशाने मोजलं? रुग्णाशी आणि त्याच्या जवळच्या माणसाशी केलेल्या सविस्तर बातचितीवर आधारलेल्या १८ गुणांच्या मापाने. दीड वर्षानंतर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक ०.४५ गुण होता. इतक्या बारीक फरकावर औषधाची किंमत, धोके आणि आशा तोलायच्या असतील, तर ती बातचीत कोणत्या भाषेत झाली याला किरकोळ बाब कसं म्हणता येईल?

तुम्ही काय करू शकता

आईवडिलांची तपासणी करायची वेळ आली तर डॉक्टरांना आपणहून सांगा: त्यांची शाळा किती वर्षं झाली, कोणत्या माध्यमात झाली, वाचायला-लिहायला किती येतं. चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र बरोबर न्या. ‘ही चाचणी यांच्या भाषेत किंवा चित्रांवर आधारलेली मिळेल का?’ असं सरळ विचारा. असं विचारणं उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरांना ते हवंच असतं.

शक्यतो स्वतः दुभाषी होऊ नका. ‘अगं आई, आत्ताच नाही का सांगितलं, ते फळ गं, पिवळं...’ हे आपण प्रेमाने करतो, आणि तेवढ्यात चाचणी निकामी होते. दुसरं कुणी मिळालंच नाही, तर प्रश्न जसाच्या तसा सांगा आणि गप्प बसा. आपल्याला जड जातं, पण बसा.

एकदा चाचणी झाली की पुढची त्याच भाषेत करून घ्या. तुलना आईची आईशी व्हावी, अनोळखी सरासरीशी नव्हे. तुमचं निरीक्षणही एक साधन आहे. नेहमीच्या पदार्थात मीठ दोनदा पडतंय का, हिशेबात गोंधळ होतोय का, सरावातल्या पूजेचा क्रम चुकतोय का, हे तारखेसकट लिहून ठेवा. जवळच्या माणसाला विचारायच्या आठ प्रश्नांची एडी-८ नावाची प्रश्नावली याच तत्त्वावर चालते: हा माणूस पूर्वी कसा होता आणि आता काय बदललं. आणि एका आकड्यावर घाबरूही नका, निर्धास्तही होऊ नका. ब-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं, यांनीही गुण घसरतात आणि यांवर उपाय आहेत.

शेवटचं मागणं आपल्यातल्या संशोधकांकडे आणि महाराष्ट्र मंडळांकडे. सिंगापूरच्या आकडेवारीत आपण ‘इंडियन’ या एकाच रकान्यात बसतो; शाळांत शिकवल्या जाणाऱ्या भारतीय भाषांतही मराठी नाही. इथे कुणी आपल्यासाठी मराठी चाचणी करून ठेवेल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. काम अशक्य मुळीच नाही. नेहमीच्या वापरातल्या मराठी शब्दांच्या नीट निवडलेल्या याद्या, प्रमाण मराठीइतकीच वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्यांना कळतील असे प्रश्न, आणि वय-शिक्षणाप्रमाणे शेकडो निरोगी माणसांचे गुण. त्या शेकडो माणसांत आपले आईवडील असू शकतात, आपणही असू शकतो. गणेशोत्सवाला दोनशे माणसं जमवणाऱ्या मंडळाला एखाद्या संशोधन गटाशी बोलून तीस ज्येष्ठ स्वयंसेवक जमवणं जड जाऊ नये.

स्मृतीसाठी नवं यंत्र, नवं औषध, नवं अ‍ॅप आल्याची बातमी पुढच्या वेळी वाचाल तेव्हा ‘हे किती अचूक आहे?’ हे विचाराच. पण त्याआधी विचारा, ‘हे कुणावर तपासलं?’ त्या उत्तरात आपली माणसं नसतील, तर ती अचूकता आपल्या माणसांना लागू पडते की नाही, हे अजून ठरायचं आहे.